पालथा टोप

प्राप्तीचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. उरणच्या बाहेर, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर ठेवायचं एक यार्ड आहे, तिथल्या ऑफिसात ती कॉम्प्युटर विभागात. कंपनीने कुठलं सॉफ्टवेअर किती मशीनसाठी विकत घेतलंय हे एका बाजूला, आणि प्रत्यक्षात ते किती मशीनवर बसलेलं सापडतंय हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळवायचं. गावातल्या बायका विचारायच्या, "म्हंजे तू करतंस तरी काय गो?" ती म्हणायची, "गावकीचे टोप मोजते, काकी." सगळ्या हसायच्या.

उदाहरण काही अगदीच वावगं नव्हतं. तिचे आजोबा बुधाजी गावकीच्या भांड्यांच्या खोलीची चावी कमरेच्या करगोट्याला बांधून हिंडत. लग्न कुणाकडेही असो, हळदीच्या जेवणाचे टोप, पराती, झारे त्याच खोलीतून जायचे. बुधाजींचे नियम दोनच. कुणाला गरज असताना टोप पालथा पडून राहता कामा नये, हा पहिला. दुसरा असा की टोप फुटला किंवा हरवला, तर जाब विचारायचा तो देणाऱ्याला. घेणाऱ्याच्या घरी लग्न असतं, त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. चावी ज्याच्या कमरेला, त्याचं तरी असायला हवं.

पहिला नियम प्राप्तीच्या अंगात भिनला होता. दुसऱ्याशी तिची कधी गाठ पडली नव्हती.

मागच्या वर्षी यार्डाचे नकाशे काढणारी रुचिका बाळंतपणाच्या रजेवर गेली. नकाशाचं महागडं सॉफ्टवेअर तिच्या मशीनवर नुसतं पडून राहिलं. प्राप्तीच्या शेजारच्या कमळकाकीचा अल्पेश त्याच ऑफिसात कंत्राटावर होता, गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरच्या नोंदी करायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तो म्हणाला, "ताई, तो नकाशाचा सॉफ्टवेअर माझ्या पीसीवर टाक ना. शिकतो जरा. मॅडम येईपर्यंतच."

प्राप्तीने रुचिकाच्या परवान्याचा नंबर घातला, आणि अल्पेशचा डबा संपायच्या आत ते त्याच्या मशीनवर चालू करून दिलं. टोप पालथा पडलाय, ज्याला हवा त्याला दिला, एवढंच तिच्या मनात होतं. त्या परवान्यावर एकाच मशीनचा हक्क होता. माणूस रजेवर गेलं म्हणून तो हक्क उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसत नाही, हे तिला पाठ होतं. त्याचाच तर ती पगार घ्यायची. पण शेजारच्या पोराला नाही म्हणायची वेळ आली की पाठ केलेलं नेमकं कुठे जातं कोण जाणे.

रुचिका परत आली आणि टोप परत घ्यायचा राहून गेला. अल्पेशचा हात तोवर चांगला बसला होता. यार्डात पाणी तुंबतं ती जागा टाळून कंटेनर कसे रचता येतील, याचा त्याने एक नकाशा काढला. निकेत सरांनी तो भिंतीवर लावला. निकेत सर म्हणजे ऑफिसचे साहेब, अलिबागचे, आवाज न चढवणारा माणूस. 'कुठल्या मशीनवर काढलास रे?' असं कुणी विचारलं नाही. काम चांगलं झालं की असले प्रश्न कुणाला सुचत नाहीत.

मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने हिशेब मागितला. मुख्य ऑफिसने सगळी मशीनं तपासणाऱ्या प्रोग्रामखालून काढली आणि काय काय सापडलं ते प्राप्तीकडे जुळवायला पाठवलं. शनिवारी ती सकाळपासून बसली. एकच सॉफ्टवेअर दोन नावांनी आलं होतं ते एक केलं. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे माग राहिले होते ते वगळले. असं करत करत शेवटी नकाशाच्या सॉफ्टवेअरची एक प्रत जास्तीची उरली. ती उरणार हे तिला सकाळीच माहीत होतं, म्हणूनच बाकीचं इतकं मन लावून केलं.

तिने मशीनचा नंबर लिहिला. वापरणाऱ्याचं नाव अल्पेश. कुणी टाकून दिलं हे लिहायची, शेऱ्याची जागा मोकळी सोडली. खोटं एक अक्षरही लिहिलं नाही. शिकलेली माणसं खोटं लिहीत नाहीत, जागा मोकळी सोडतात.

ऑफिसचा नियम गावकीच्या उलटा होता. ज्याच्या मशीनवर सापडेल, जाब त्याला. त्याच दुपारी निकेत सरांनी अल्पेशला केबिनमध्ये बोलावलं. प्राप्ती तिथेच, यादी समोर घेऊन बसली होती.

"हे तू टाकलंस?"

अल्पेशने एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"हो सर. शिकायचं होतं."

"आणि परवान्याचा नंबर?"

"मॅडमच्या मशीनवर बघितला."

निकेत सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, मी तुझं नाव कायम करायला पाठवणार होतो. सोमवारी कंत्राटवाल्यांची यादी जाते. आता कायमचं सोड, तुला ठेवायचं तरी कसं ते सांग."

हीच वेळ होती. प्राप्तीला ते कळत होतं. पण मनात एकच चाललं होतं, की आपण बोललो तर आपलं काय. ती समोरच्या कागदाकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलं. "खोटं का बोललास?"

"तुजा नाव कसा घेऊ, ताई? तूच तर शिकू दिलास." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला रात्रीचं जेवण तरी गेलं असतं.

रविवारी संध्याकाळी, अजून चांगलं ऊन होतं, देवळापुढे गावकी बसली. बुधाजींना आता दिसत नव्हतं, चावी दुसऱ्या कुणाकडे द्यायची होती. दोन-चार नावं निघाली. मग बायकांतून कमळकाकी उठली.

"प्राप्तीला द्या. कंपनीचा सांभालते, आपला का नाय सांभालनार?"

लोकांना पटलं. शिवदासअण्णा, गावकीचे अध्यक्ष, म्हणाले, "पोरीचा डोका हाय बरा." अल्पेश मागे खांबाला टेकून उभा होता, तोही हसला. बुधाजी चाचपत चाचपत करगोट्याची गाठ सोडवायला लागले. गाठ जुनी होती, सुटत नव्हती. सगळे वाट बघत होते आणि प्राप्तीला वाटत होतं, ती कधी सुटूच नये.

गाठ सुटली. आजोबांनी चावी पुढे धरली. अंगाच्या उबेने ती गरम झाली होती.

"मला नको, आजा." ती म्हणाली. "मी टोप दिला आणि जाब दुसऱ्याला द्यायला लावला." मग ती सगळं बोलली: रुचिकाची रजा, अल्पेशचं मशीन, मोकळी सोडलेली जागा, केबिनमधलं गप्प बसणं. यातलं अर्धंअधिक गावकीला कळलं नसेल, पण कुणी दिलं आणि कुणी भोगलं हे लहान पोरांनासुद्धा कळलं. तिला कुणाकडेच बघवेना. शेवटी तिने कमळकाकीकडे पाहिलं. "काकी, तुझ्या पोराची नोकरी माझ्यामुळे जातेय."

"मना ठावं हाय," कमळकाकी म्हणाली. "पोरानं कालच सांगितला."

"मग माझं नाव का घेतलंस?"

"ती चावी हातात असताना तुज्या आजाला कदी खोटा बोलता आला नाय. म्हटला, तुला पन नाय जमनार." काकीचा आवाज इतका वेळ ठाम होता, तो इथे फाटला. "आनी जमला असता ना पोरी, तर तुज्या दारात मी परत पाय ठेवला नसता."

अल्पेश खांबापासून निघून समुद्राच्या बाजूला चालता झाला. बुधाजींनी चावी मागे घेतली, पण करगोट्याला बांधली नाही. मांडीवर ठेवली. "टोप कुनी दिला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मंग?"

प्राप्तीने फोन काढला. सगळं गाव बघत होतं. रिंग बराच वेळ वाजत राहिली आणि नाही उचलला तर बरं, असं तिला त्या घडीलाही वाटलंच. मग पलीकडून निकेत सरांचा आवाज आला.

"सर, कालच्या सॉफ्टवेअरच्या यादीत एक शेरा मोकळा राहिलाय," ती म्हणाली. "मी मुद्दाम सोडला होता. लिहून घेता?"