कोरा बुशीची शेवटची चकती

कोरा बुशीचा डावा गुडघा मंगळवारी बदलायचा होता. डॉक्टरने प्लास्टिकचा नमुना हातात घेऊन नवा गुडघा कसा वाकेल ते तिला दाखवलं, आणि निघता निघता, दाराची मूठ धरून, सांगून टाकलं की यापुढे डोंगर-कातळ चढणं बंद; सपाटीवर हवं तेवढं चाला. कोरा म्हणाली, व्हरमाँटमध्ये सपाटी कुठे आहे ते दाखवा, आजच चालते.

म्हणून शनिवारी ब्लँचर्ड टेकडी ठरली.

आमच्या गटाचं काम तसं साधं आहे. इतरांनी रानात लपवून ठेवलेले प्लास्टिकचे डबे आम्ही शोधतो. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन संकेतस्थळावर नोंद करायची. सापडला तर आपल्या नावापुढे पिवळा हसरा चेहरा येतो, नाही सापडला तर निळा, पडलेला. एवढ्यासाठी पेन्शनर माणसं अंगावर गोचिड्या घेऊन घरी येतात हे माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही. तिच्याशी वाद घालण्यासारखा मुद्दा मलाही अजून सापडलेला नाही.

डब्यांच्या वरची पायरी म्हणजे चकत्या. फार पूर्वी सरकारी मोजणीवाले दुर्बिणी घेऊन इथल्या डोंगराडोंगरांवर चढले आणि प्रत्येक माथ्यावर कातळाला भोक पाडून तळहाताएवढी पितळी चकती बसवून गेले. त्या चकत्यांवरून देश मोजला गेला. आता मोजणी आकाशातून होते आणि चकत्यांना कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही विचारतो.

आमच्या काउंटीतल्या सगळ्या चकत्या शोधलेला माणूस एकच, एल्डन ट्रॅस्क. गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात त्याने ब्लँचर्ड टेकडीवरची शेवटची चकती शोधली, आणि गटाची अध्यक्ष जून हॅथवे हिने प्लायवुडच्या फळीवर तापल्या सळईने त्याचं नाव कोरून दिलं. ती फळी त्याने गॅरेजमध्ये टायरांच्या वर लावली. गॅरेजचं दार उघडं असलं की ती रस्त्यावरून दिसते. तेव्हापासून दार उघडंच असतं, जानेवारीतसुद्धा.

कोराची फक्त ब्लँचर्ड राहिली होती. घरामागचीच टेकडी, तिला काय घाई, असं म्हणत तिने ती शेवटी ठेवली. आता शनिवारी ती झाली नाही तर कधीच होणार नव्हती.

कोराने जन्मभर शाळेची बस चालवली, चार नंबरची. आमच्या गटातले निम्मे लोक लहानपणी त्या बसमध्ये बसलेले आहेत. त्यातल्या काहींना आता नातवंडं आहेत, पण कोराने डोळे जरा वर केले, जणू तिथे अजून आरसाच आहे, की ते अजूनही ताठ बसतात. तिला आवाज चढवताना मी कधी ऐकलं नाही. गरजच पडत नसावी.

चढताना तिने कुणाचा हात धरला नाही. एल्डनने तिच्यासाठी स्कीइंगची काठी आणली होती, ती तेवढी घेतली. वाट जिथे नुसता उताणा कातळ होते तिथे ती सरळ खाली बसली आणि पाठमोरी, बसल्या बसल्या, हातांच्या जोरावर एकेक वीत वर सरकत गेली. तिच्या पँटचं पुढे काय झालं ते सांगत नाही. दर थोड्या वेळाने ती थांबे, खालच्या लाल-पिवळ्या झाडांकडे बघे, आणि आपण फक्त झाडं बघायलाच थांबलो आहोत असा चेहरा ठेवी. तो चेहरा इतका उत्तम जमला होता की आम्हीही झाडांची तारीफ करत राहिलो.

एल्डन तिच्या मागे होता. म्हणजे ती पाठमोरी असल्यामुळे तिच्या समोर.

"पडलीस तर मी आहे," तो म्हणाला.

"तू आहेस म्हणूनच पडायचं नाही," कोरा म्हणाली.

माथ्यावर आम्ही डोनट आणि थर्मासमधली कॉफी काढली. जूनच्या पिशवीतून नव्या फळीचं टोक दिसत होतं. चकती वाटेच्या कडेलाच होती, जिथून दरी चांगली दिसते तिथे. कोरा तिच्याशेजारी बसली, बाहीने तिच्यावरची धूळ पुसली आणि वाकून बघत राहिली. आम्ही टाळ्या वाजवायला हात मोकळे केले होते.

"ही ती नव्हे," कोरा म्हणाली.

एल्डनने डोनट चावायचा थांबवला.

"हिच्यावर बाण आहे," कोरा म्हणाली.

इथे सांगायला हवं. खऱ्या चकतीवर मधोमध त्रिकोण असतो. पण ती कुणी उपटून नेली तर सगळी मोजणी वाया जाऊ नये म्हणून मोजणीवाले आसपास साक्षीला आणखी एकदोन चकत्या बसवत, आणि खरी कुठे आहे ते दाखवायला त्यांच्यावर बाण कोरत. हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण एल्डन आला तेव्हा बर्फ होता, हाडं गोठवणारा वारा होता, त्याला पितळ दिसलं आणि त्याने हातमोज्यासकट अंगठा टेकवून फोटो काढला. अंगठा बरोबर बाणावर. त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाने जुनं वर्णन वाचण्याऐवजी एल्डनने दिलेले अक्षांश-रेखांश फोनवर घेतले, फोन जिथे थांबला तिथे थांबले, पितळ बघितलं आणि आनंदले. आनंद झाल्यावर माणूस वाचत नाही. एकाने तर नोंदीत 'अतिशय सुस्पष्ट' असंही लिहिलं होतं.

जूनने हळूच सुचवलं की या टेकडीचा पिवळा चेहरा सगळ्यांनीच घेतलेला आहे, तेव्हा एकट्या कोरानेच न घेणं बरं दिसत नाही. कुणी म्हणालं, साक्षीची का होईना, चकती ती चकती. शेवटी एल्डन तिच्याजवळ उकिडवा बसला.

"कोरा, मंगळवारी तुझा गुडघा आहे. नोंदवून टाक. कोण बघतंय?"

त्याचं बोलणं काही खोटं नव्हतं. आमच्या खेळात कुणीच कुणाला तपासत नाही.

"मी बघतेय ना," कोरा म्हणाली.

मग तिने मान वर केली आणि बाण कुठे जातो ते बघितलं. आम्हीही बघितलं. बाण सरळ दगडांच्या राशीत जात होता.

ब्लँचर्डच्या माथ्यावरची रास गावात प्रसिद्ध आहे. पुरुषभर उंच आणि पिकअप गाडीपेक्षा रुंद. दर वर्षी शरदात शाळेची मुलं सहलीला येतात, आणि प्रत्येक मूल पायथ्यापासून एक दगड हातात घेऊन चढतं आणि वर राशीवर ठेवतं. गावातल्या बहुतेकांचा एकेक दगड तिथे आहे. ही प्रथा कुणी सुरू केली, यावर गावात बरीच मतं आहेत. एकाच्या मते पहिल्या वसाहतवाल्यांनी, दुसऱ्याच्या मते त्यांच्याही आधीच्या लोकांनी.

कोरा राशीकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"हे मी सांगायचे," ती म्हणाली. "बसमधून उतरताना. प्रत्येकाने एक दगड घ्या आणि वर नेऊन ठेवा."

"कशासाठी?" जूनने विचारलं. ती स्वतः तिसरीत असताना एक गारगोटी घेऊन आली होती आणि अजून ते भक्तिभावाने सांगते.

"हात रिकामे असले की पोरं मारामाऱ्या करतात," कोरा म्हणाली. "दुसरं काय. मी कधी वर आलेय? मी खाली बसमध्ये बसून शब्दकोडं सोडवायचे."

म्हणजे मोजणीवाल्यांनी माथ्याच्या ऐन टोकावर चकती बसवली, आणि कोराने पिढ्यान्‌पिढ्या पोरं पाठवून तिच्यावर डोंगराचा दुसरा मजला बांधला.

ती काठी टेकून उठली. राशीपाशी गेली, एक दगड उचलला, चार पावलं बाजूला नेऊन ठेवला. परत आली. दुसरा नेला. तिसऱ्या दगडाला गुडघ्याने नाही म्हटलं आणि तो दगड मांडीवर घेऊन ती खाली बसली. पण बसल्या जागेवरून हात पोचेल तो पुढचा दगड ओढायला लागली.

आम्ही उभेच होतो. ती रास आमची होती, हे एक. आणि दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नव्हतं. राशीखाली खरी चकती निघाली, तर एल्डनच्या गॅरेजमधली फळी म्हणजे नुसतं प्लायवुड. एल्डनकडे कुणीही बघत नव्हतं, आणि ते सगळ्यांनी इतकं एकदम केलं की एल्डनला कळायला वेळ लागला नाही.

त्याने डोनट खिशात घातला, राशीला वळसा मारून पलीकडे गेला आणि सगळ्यात मोठा दगड छातीशी धरून घेऊन आला.

"सरक," तो कोराला म्हणाला. "तू बसून हुकूम सोड. तेवढं तुला येतं."

मग आम्ही सगळेच लागलो. कोरा बसल्या जागेवरून कुणी काय उचलायचं ते सांगत होती आणि मार्टी डोबिनला, जो आता काउंटीचा न्यायाधीश आहे, दगड फेकू नकोस, नीट ठेव, असं दोनदा बजावलं. जूनला तिची गारगोटी मिळाली नाही, पण तिच्यासारखी दिसणारी एक तिने कोटाच्या खिशात टाकली.

रास कमरेइतकी राहिली तेव्हा एल्डन थांबला. रास आणखी खाली गेली की चकती कुठल्याही क्षणी दिसणार होती, आणि आमच्यात नियम असा, की जो आधी बघेल त्याला ती आधी सापडली. एल्डनने जरा विचार केला आणि राशीकडे पाठ केली. मग हात मागे नेऊन, चाचपून, एक दगड काढला आणि न वळता बाजूला ठेवला.

जूनने पाठ केली. न्यायाधीशांनी केली. एकेक करत सगळ्यांनी केली. त्यानंतर त्या माथ्यावर डझनभर प्रौढ माणसं आभाळाकडे तोंड करून, हात पाठीमागे घेऊन, दगड उपसत होती. मॅसॅच्युसेट्सहून आलेलं एक तरुण जोडपं वाटेवरून वर डोकावलं, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता परत खाली गेलं. मी आयुष्यभर माणसांवर लिहिलं, बहुतेक वेळा त्यांना आवडणार नाही असंच. त्या पाठींवर मला एकही वाकडं वाक्य सुचलं नाही.

दगडांचा आवाज थांबला. आमच्या हातांना आता नुसता कातळ लागत होता, आणि मधे एक चपटी शिळा राहिली असणार, कारण कोरा म्हणाली, "ही माझी," आणि ती घसटत पुढे गेल्याचं ऐकू आलं. शिळा घासल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता वारा.

"कोरा?" जूनने समोरच्या दरीलाच विचारलं.

"थांबा."

थांबलो.

"त्रिकोण आहे," कोरा म्हणाली. "मधे टिंब आहे." मग तिने नाक ओढलं. तिथे वर गार असतंच.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "वळा आता. बघा की."

कुणी वळलं नाही, कारण एल्डन वळला नव्हता.

"संकेतस्थळावर किती वाजता ते नोंदत नाहीत, फक्त तारीख नोंदतात," एल्डन आभाळाला म्हणाला. "मी आज बघितली तर आजच्या तारखेला दोघांची होते."

"मग?"

"मग मी आज बघत नाही."

"एवढे दगड उपसलेस ते कशाला, मूर्खा?"

"उद्या रविवार आहे. चर्च चुकवायला मला कारण लागतंच."

कोराने आणखी एकदोनदा हुकूम दिला. तिच्या बसच्या इतिहासात पहिल्यांदाच तो कुणी मानला नाही. आम्ही खेकड्यासारखे तिरपे तिरपे वाटेपर्यंत गेलो आणि मान न वळवता उतरायला लागलो. कोरा मागून आली, बसून, सरकत. या खेपेला तिने कातळावर एल्डनला खांदा धरू दिला.

संध्याकाळी मी संकेतस्थळ उघडलं. ब्लँचर्डच्या पानावर एल्डनने आपला दोन वर्षांपूर्वीचा पिवळा चेहरा काढून तिथे निळा ठेवला होता. खाली एवढंच: 'सापडली नाही. दुसरंच काहीतरी बघितलं.' जेवून परत बघितलं तर जूनचा निळा झाला होता, मग न्यायाधीशांचा. मी माझा बदलला. 'अतिशय सुस्पष्ट' लिहिणाऱ्यानेही बदलला. सगळं पान पडलेल्या निळ्या चेहऱ्यांनी भरलं, आणि सगळ्यात वर एकच पिवळा होता.

रविवारी आम्ही परत चढलो. माझ्या पायांनी याबद्दल काय म्हटलं ते सोडून देतो. एल्डन आमच्या आधी पोचला होता आणि बाणाच्या चकतीपाशी उभा राहून आमची वाट बघत होता. सगळे आल्यावर तो बाणाच्या रोखाने, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं, चालायला लागला. तेवढ्यात माझा फोन वाजला.

कोरा होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसली होती.

"दगड परत रचा म्हणावं, पण लांब," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात शाळेची सहल आहे, पोरांना जागा लागेल. एल्डन काय करतोय?"

मी सांगितलं, वाकतोय.

"नीट वाचायला सांग. सगळं. अंदाजे नाही."

मी फोन एल्डनच्या तोंडाशी धरला. तो गुडघ्यांवर बसला, टोपी काढली, आणि पितळावर गोल कोरलेलं एकेक अक्षर, मग आकडे, शाळेतल्या पोराने पत्ता सांगावा तसे मोठ्याने वाचत गेला. वाचून झाल्यावर फोनकडे बघत राहिला.

"हं," कोरा म्हणाली. "आता लिही."