काचेच्या आतली खुर्ची

ब्रेकची ती लाल पट्टी. बोटभर लांब, प्लॅस्टिकची. पायाने दाबली की बाबागाडीची मागची दोन्ही चाकं जागच्या जागी घट्ट बसतात. गाडी आता घरातच दाराशी उभी होती, घरंगळत जायला तिला वावही नव्हता, तरी शशिकांत उठले आणि त्यांनी पट्टीवर पुन्हा एकदा पाय ठेवला. दाबलेलीच होती. सकाळीही दाबलेलीच होती — हे सूनबाईला, निधीला सांगायला हवं. ब्रेक लावला होता, टोपरं नीट होतं, दुलई हनुवटीपर्यंत होती... आणि मग पुढचं?

नातू, मुलाचा म्हणजे परीक्षितचा वीर, आत झोपला होता. वीरला काहीच झालं नव्हतं, ओरखडासुद्धा नाही. पण जमलेले लोक बघून इमारतीच्या दाराशी डेस्कवर बसणाऱ्या माणसाने सूनबाईला ऑफिसात फोन केला होता आणि ती मॅनहॅटनहून काम तसंच टाकून, मिळेल ती ट्रेन पकडून निघाली होती. जर्सी सिटीचे उंच उंच मनोरे खिडकीबाहेर उन्हात चकाकत होते. येईलच आता.

हिवाळ्यात ते कोपनहेगनला लेकीकडे राहून आले होते. तिथे पहिल्याच दुपारी नीलाने तिच्या तान्ह्या इलाला लोकरीत गुंडाळलं, खाली अंगणात बाबागाडीत निजवलं आणि वर येऊन चहा टाकला. बाहेर तोंडातून वाफ निघेल अशी थंडी. शशिकांतांना चहाचा घोट उतरेना. मफलर बांधून ते खाली गेले आणि गाडीला लागून उभे राहिले. कोल्हापूरच्या गूळबाजारात गोदामाची राखण करण्यात जन्म गेलेला. तिथे दाराशी आलेला माणूस आधी चोर असायचा, मग गिऱ्हाईक. अंगणात आणखीही गाड्या होत्या, त्यांतही पोरं झोपलेली, जवळ चिटपाखरू नाही. येणारेजाणारे सायकली लावत, हसून मान लववत. एका म्हातारीने तर खुर्चीच आणून दिली. शशिकांतांना वाटलं, मान दिला.

"बाबा, वर चला," नीला जिन्यातूनच दबक्या आवाजात म्हणाली. "लोकांना वाटतंय, तुम्ही त्यांच्यावर पाळत ठेवलीय."

"मी पोरीची राखण करतोय."

"कुणापासून?"

कुणापासून... समोर तर ती खुर्चीवाली म्हातारी होती, कुंडीतली वाळकी पानं खुडत. शशिकांतांचे कान तापले. मग ते त्या शहराकडे बघायला लागले. ताठ कण्याने सायकल मारणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बायका, बर्फासारख्या पाण्यात पोहून तांबूस होऊन हसत बाहेर येणारे लोक, सायकलीपुढच्या लाकडी पेटीत दोन-दोन पोरं बसवून दिवसाउजेडी घरी निघालेले बाप, पडदे नसलेल्या खिडक्या. कुणाच्याच खांद्यावर ते अदृश्य ओझं नव्हतं, जे आपण पंच्याहत्तरीतही उतरवलेलं नाही. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी इलाला खाली निजवलं, वर आले आणि स्वतःही झोपले. गाढ. इतकी स्वस्थ झोप कधी लागली होती, आठवेना.

जर्सी सिटीला परत आल्यावर नदीकाठच्या बाकावर रोज तेच वर्णन. बाकावर सोबतीला असणारे नागपूरचे नरेंद्र थट्टा करायचे, "मग काय शशिकांतराव, दारंबिरं पण काढून फेकलीत का तुमच्या डेन्मार्कवाल्यांनी?"

"कडी तर आपल्या डोक्यात असते," शशिकांत ऐटीत म्हणाले होते. काल. कालचीच गोष्ट.

आणि आज सकाळी इमारतीखालच्या कॅफेपाशी ऊन कोवळं होतं, वीर झोपलेला, आत गर्दी, कपबशांचा खणखणाट. त्यांनी गाडी काचेला लागून बाहेर उभी केली, ब्रेक लावला, आत काचेजवळच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसले. काचेपलीकडे टोपऱ्याचा निळा गोंडा दिसत होता. छाती भरून आली — नीलाने बघायला हवं होतं! मग एक कुत्रेवाली बाई थांबली. इकडेतिकडे बघायला लागली. आणखी एक थांबला. "हूज बेबी इज धिस?" बाईचा आवाज काचेतून आत आला, तिने पोलिसांना लावायला फोन काढला. आतले सगळे माना वळवून बघू लागले. काउंटरवरची बाई प्रत्येक टेबलाशी विचारत आली, त्यांच्यापाशी आली, वाकली. "युअर्स, सर?"

शशिकांतांनी मान हलवली. नाही.

मान हलली, असं म्हणायचं का? नाही, हलवली. मीच. सगळे डोळे, तो फोन... पण मान हलवायला तर ताकद लागतेच ना? ती होती. उठायला नव्हती. कुणाचंतरी पोर बेवारस पडलंय आणि आपण कॉफी पिणारा कुणी म्हातारा, असा मी पुन्हा कप उचलला. कोमट झाली होती. मग वीर जागा होऊन रडला, आणि तेव्हा कुठे पाय हलले, धावले. दारातून वळून पाहिलं, तर काउंटरवरची बाई फडकं हातात घेऊन बघत होती.

कुलूप उघडलं. निधी बॅगही न ठेवता आत गेली, वीरला उचलून बाहेर आली, त्याच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, हे कोपनहेगन नाहीये. इथे लोक सरळ पोलीस बोलावतात. माझं डोकंच बंद पडलं होतं ट्रेनमध्ये."

"चुकलं माझं."

"डेस्कवाला म्हणाला, ग्रँडपा धावत आले. लगेच आलात ना तुम्ही?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. काठावर उभं राहून ती फक्त एका शब्दाची वाट बघत होती, आणि त्या शब्दावर उद्यापासूनच्या सगळ्या सकाळी, हा गोंडा, ही गाडी, सगळं टांगलेलं होतं.

"हो," शशिकांत म्हणाले. "लगेच."

निधीने श्वास सोडला. "मग ठीक आहे. परीक्षितला मी सांगते, नाहीतर तो उगाच पॅनिक होईल. माझी आई सारखी म्हणते, नॅनी ठेवा. मी म्हटलं, घरात बाबा आहेत. परक्या माणसाची काय खात्री?" ती हसलीसुद्धा. "उद्या त्याच कॅफेत जा. फक्त याला आत घेऊन बसा. काचेजवळची जागा मस्त आहे." आणि वीरला त्यांच्या हातात देऊन ती तोंड धुवायला गेली.

वजन आलं हातात. उबदार, झोपेने जड. तिकडचे लोक निर्धास्त असतात ते चोर नाहीत म्हणून, असं आपण नरेंद्रला सांगत होतो... आपण काचेच्या आत बसलो तरी हाक आली की उठणार, याची तिथे प्रत्येकाला स्वतःपुरती खात्री असेल, एवढंच असेल ते. बाथरूममध्ये पाणी वाहत होतं. नळ बंद झाला की सांगावं... नळ बंद झाला. टॉवेलची सळसळ. शशिकांतांना एकदम वाटलं, निधीने बाहेर येऊन पुन्हा विचारावं, नीट, पोलिसासारखं. खुर्ची आणावी, समोर बसावं आणि आपल्यावरून नजर हटवू नये. वीरने त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं होतं, आणि तो परत झोपला होता.