चौथा प्रत्यय

शिष्यवृत्ती आमच्या विद्यापीठातून दोघांनाच मिळाली, मला आणि पाठांतरला. पाठांतर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघत नाही. परदेशात राहून अशी एक भाषा शिकायची होती, जी बोलणारी सगळी माणसं एखाद्या बऱ्यापैकी मैदानात मावली असती. घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "ती शिकून नोकरी कुठे मिळते?"

"नोकरी नाही मिळत. भाषा मिळते," मी ताडकन म्हणाले. माझ्या नाकावर राग असतो, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे.

"मग तळून खा ती भाषा," आई म्हणाली आणि कपाटातून माझ्यासाठी स्वेटर शोधायला लागली.

मला मात्र जायचं नव्हतं. ताईला दिवस गेले होते आणि बाळंतपणाची तारीख नेमकी मी तिकडे असतानाची होती. एरवी एवढं वाटलं नसतं, पण हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी मी, आई आणि भाऊजी दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. समोरचं दार बंद. आतून बाळ रडल्याचा आवाज कधी येतो, याकडे आम्ही तिघंही कान लावून होतो. शेवटी दार उघडलं, डॉक्टर बाहेर आल्या, आणि आवाज काही आलाच नाही. त्यानंतर आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही.

म्हणून मी सांगून टाकलं की मी जाणार नाही. ताईने मलाच झापलं. "तू थांबून काय करणार आहेस? कळा मला येणार की तुला?"

"मी बाहेर बसेन ना."

"बाहेर बसायला आई आहे, हे आहेत. एवढी परीक्षा देऊन मिळवलंस ते माझ्यामुळे सोडलंस, तर जन्मभर मला ऐकवशील. मी ओळखते तुला. जा तू."

मी गेले. गेले खरी, पण जीव सगळा घरी टांगलेला.

तिकडे मला एका शिंप्याच्या दुकानावरची खोली मिळाली. दिवसभर खालच्या मशीनची घरघर जमिनीतून तळपायांना लागायची. आमचा वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. लांब टेबल, लोखंडी कपाटं, आणि वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. निरनिराळ्या देशांतून आलेले आम्ही मूठभर विद्यार्थी, आणि शिकवायला एक निवृत्त शिक्षिका. त्यांना आम्ही दोघं आपसांत बाई म्हणायचो. बाईंचे दोन चष्मे होते, एक डोळ्यांवर आणि एक केसांत, आणि त्या कायम तिसरा शोधत असल्यासारख्या दिसायच्या.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. प्रत्येकाने आपल्या घरच्यांबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. मी प्रवासभर घोकलेलं वाक्य छातीठोकपणे म्हटलं, "माझी बहीण बरी आहे." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, वाकून टेबलाखाली पाहिलं आणि विचारलं, "कुठे आहे?" सगळे हसले. माझं डोकंच सणकलं. ताईवरून थट्टा? तीही आत्ता?

जिना उतरताना पाठांतरने उलगडून सांगितलं. "अगं, तू क्रियापदाला स्वतः पाहिल्याचा प्रत्यय लावलास, डोळाच म्हण ना. म्हणजे ताई तुला इथे, आत्ता दिसतेय, असं झालं."

त्या भाषेत क्रियापद शेपटीशिवाय संपतच नाही. बोलणाऱ्याला ती गोष्ट कशी कळली, ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी सांगावंच लागतं. स्वतः पाहिलं असेल तर एक प्रत्यय, कुणी सांगितलं असेल तर दुसरा, खाणाखुणांवरून ताडलं असेल तर तिसरा. आम्ही दोघांनी त्यांना आपली नावं ठेवली होती: डोळा, म्हणे आणि बहुतेक. आपणही म्हणतोच की, "तो आला म्हणे". पण आपल्याकडे म्हणे लावणं न लावणं आपल्या मर्जीवर. तिथे मर्जी नाही. प्रत्यय गिळला तर वाक्य अर्धवट लोंबकळतं आणि समोरचा माणूस पुढचं ऐकायला तसाच थांबून राहतो.

सुरुवातीला मी याच्यावर वैतागले होते. हळूहळू मात्र मी थक्क व्हायला लागले. बसथांब्यावर एक म्हातारा म्हणायचा, बस गेली; आणि नुसत्या शेपटीवरून कळायचं की त्याने ती जाताना पाहिली नाही, रिकामा थांबा बघून तो अंदाज बांधतोय. पाववालीने पाव ताजा आहे म्हटलं की ती भट्टीपाशी उभी होती की नाही, तेही त्यातच आलं. एकदा वर्गात रेडिओवर कुणा पुढाऱ्याचं भाषण लागलं होतं. बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि खट्कन बंद केलं. "सगळीकडे डोळा लावतोय. खुर्चीतून उठून कुठे गेला होता हा बघायला?" आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना इथे आणलं, तर बिचाऱ्यांना प्रत्येक वाक्यात म्हणे लावता लावता धाप लागेल, असं मी पाठांतरला म्हटलं. आम्ही रस्त्यात उभे राहून हसलो. पण खोलीवर आल्यावरही ते डोक्यातून जाईना. एका अख्ख्या गावाने, कुणी कायदा न करता, पिढ्यान् पिढ्या ठरवलं होतं की न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगायचं नाही. भाजीचा भाव सांगतानाही नाही. एवढं मोठं काहीतरी एवढ्याशा शेपटीत मावत होतं.

त्याचा त्रास घरच्यांना झाला. फोनवर ताई म्हणायची, "मी बरी आहे." मी विचारायचे, "हे डॉक्टर म्हणतात, की तुला वाटतंय?"

"तुझी ती भाषा तुझ्याजवळ ठेव," ताई म्हणायची. "बरी आहे म्हणजे बरी आहे." पण तिच्या आवाजावरून मला काही ठरवता यायचं नाही. मला दिसत तर काहीच नव्हतं. ताईबद्दलचं माझं सगळं ज्ञान म्हणे आणि बहुतेकच्या आधारावर उभं होतं.

मग एका सकाळी आईचा फोन आला. "तिला आत नेलंय. देवाचं नाव घे आणि घाबरू नकोस." मी खोलीत येरझाऱ्या घातल्या, ते सहन होईना म्हणून वर्गात जाऊन बसले. वर्गात फोन दाराजवळच्या डब्यात टाकायचा नियम होता. मी मोडक्यातोडक्या वाक्यांत बाईंना सांगितलं. बाईंनी डब्यातून माझा फोन काढला, माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि फळ्याकडे वळल्या. त्या दिवशी काय शिकवलं ते मला विचारू नका.

फोन वाजला तो भाऊजींचा. मी तिथल्या तिथे कानाला लावला. "भाऊजी?" भाऊजी काहीच बोलले नाहीत. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी चाकं असलेलं काहीतरी ढकलत नेल्याचा खडखडाट. "भाऊजी, बोला ना! काय झालं?" त्यांनी फोन बहुधा कानापासून दूर धरला असावा, कारण श्वास लांब गेला. मागच्या वेळची ती शांतता मला पाठ होती, आणि आता तीच पुन्हा येतेय असं वाटलं.

आणि रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, मधेच श्वास घ्यायला थांबून पुन्हा दुप्पट जोराने. एवढा राग कशाचा ते देव जाणे. मी ऐकत राहिले. मग फोन कट झाला.

वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, त्यामुळे त्यांना काही कळायला मार्ग नव्हता. बाईंनी त्यांच्या भाषेत हळूच विचारलं, "काय झालं?"

मला सांगायचं होतं: मी मावशी झाले. शब्द सगळे येत होते. मी तोंड उघडलं, 'मी' म्हटलं, 'मावशी' म्हटलं, क्रियापदाचं धड म्हटलं आणि अडकले. डोळा लावता येईना. मी काहीच पाहिलं नव्हतं. म्हणे लावता येईना. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, भाऊजींच्या तोंडून तर शब्दही फुटला नव्हता. राहिला बहुतेक. मी बहुतेक मावशी झाले. ते माझ्याच्याने म्हणवेना. मागच्या वेळी नऊ महिने आम्ही बहुतेकवरच काढले होते, आणि बहुतेकने आमचा घात केला होता. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं आणि सगळे माझ्याकडे बघत थांबले.

"तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"रडलं," मी म्हणाले. "बाळ. मी... कानाने."

बाईंनी खडू ठेवला. डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात घेतला. "आणखी एक प्रत्यय आहे," त्या म्हणाल्या. "मी तो पहिल्या वर्षी शिकवत नाही. वर्गात त्याचा उपयोग नसतो. जे दिसलं नाही, कुणी सांगितलं नाही, पण आपल्या कानांनी ऐकलं, त्याच्यासाठी आहे तो. अंधारात पडणारा पाऊस. जिन्यावरची आपल्या माणसाची पावलं. त्याला अंदाज म्हणत नाहीत. ते पाहिल्याइतकंच पक्कं असतं."

आणि त्यांनी तो उच्चारला. एकच अक्षर, ओठ मिटून म्हणायचं.

मी वाक्य पहिल्यापासून म्हटलं. मी मावशी झाले, आणि शेवटी ते अक्षर. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, कधीही न पाहिलेल्या माणसांनी ह्या एका क्षणासाठी जागा करून ठेवली होती. जगाच्या दुसऱ्या टोकावरून कुणी मुलगी येईल, तिला असं काही ऐकू येईल आणि तेव्हा तिला हे लागेल, हे त्यांना कसं ठाऊक? ठाऊक नव्हतंच. तरी जागा होती. आपल्याकडे प्रत्यय लागतो आणि प्रत्यय येतो, दोन्ही म्हणतात. मला त्या सकाळी दोन्ही एकदम झालं.

पाठांतरला अशा वेळीसुद्धा राहवत नाही. त्याने हात वर केला. "मग ते बाळ मोठं होऊन स्वतःबद्दल सांगेल, मी जन्मलो, तेव्हा कोणता लावायचा?"

"म्हणे," बाई लगेच म्हणाल्या. "दुसरा चालतच नाही. मीसुद्धा जन्मले म्हणे. तूही. आपला जन्म आपल्याला दुसऱ्याच्या शब्दावरच मानावा लागतो." पाठांतरने ते लिहून घेतलं नाही.

इतक्यात फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी आई होती, रडत, हसत, दोन्ही एकदम. "अगं, मुलगी झाली! ताई ठीक आहे, दोघी ठीक आहेत, मी आत जाऊन बघून आले. तुझ्या भाऊजींचं काय सांगू, ते नुसते भिंतीला टेकून उभे आहेत, तोंडातून शब्द नाही. म्हटलं, तुला कुणी कळवलं की नाही कोण जाणे."

"कळलं मला, आई."

"कुणाकडून?"

"तिच्याकडूनच," मी म्हणाले.