बोटांना कळलेलं तेल

सलूनच्या मालकाचं स्वतःचं डोकं तुळतुळीत होतं, आणि तो केस उगवायचं तेल बनवत होता. गिऱ्हाइकांना एवढ्यावर तीस वर्षं विनोद पुरले. ‘आधी स्वतःला लावा की,’ असं कुणी म्हटलं, की तो वस्तरा पुसत म्हणायचा, ‘मला उशिरा सापडलं. पेरायला जमीन तरी जिवंत हवी ना.’

तेलात सात प्रकारचा पाला पडायचा. दर रविवारी सकाळी तो मागच्या अंगणात मोठं पातेलं चढवायचा आणि दुपारपर्यंत ढवळत बसायचा. लेकीच्या शाळेच्या दप्तरालाही तो वास लागलेला असायचा. वर्गातल्या मुली तिला ‘पालापाचोळा’ म्हणायच्या. पुढे ती विज्ञान शिकली, त्वचेवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि घरात तेलाचा विषय निघाला की ताटात बघून जेवू लागली.

मग एक दिवस टपालवाले खुर्चीत बसले असताना म्हणाले, “मालक, त्या त्वचेच्या डॉक्टरांना तुमचं तेल दाखवलं. ते म्हणाले, यानं केस येत असते तर सलूनवाला टकला कशाला राहिला असता?”

सगळं दुकान हसलं. मालक हसला नाही. रोज हसायचा, पण त्या दिवशी नाही.

रात्री जेवताना तो लेकीला म्हणाला, “तुमच्याकडे सगळं मोजतात ना? मग हेही मोज.”

“बाबा, मोजून काहीच निघालं नाही तर?”

“तर पातेलं भंगारात टाकीन. पण मोजल्याशिवाय कुणी हसायचं नाही.”

“आणि निघालं तर?”

“तर तसं लिहून दे एका कागदावर. आरशाशेजारी लावतो. मला दुसरं काही नको.”

आई म्हणाली, “तिच्या नोकरीत तुमचं डोकं घालू नका.”

“डोकं आहे कुठं माझं,” तो म्हणाला, “सगळा माथाच.”

प्रयोगशाळेच्या मॅडमनी महिनाभर विचार केला आणि होकार दिला. पण अटी कडक घातल्या. बेचाळीस पुरुष, सहा महिने. निम्म्यांना सात पाल्यांचं तेल, निम्म्यांना साधं. कुणाला कोणतं, हे फक्त मॅडमच्या कपाटातल्या बंद पाकिटात. बाटल्यांवर नुसते आकडे. तेल वडिलांचं आहे, हे लेकीनं आधीच लिहून दिलं होतं, म्हणून तिला एकच काम मिळालं. फोटोंतले केस मोजायचे, माणसाचा गट माहीत नसताना.

साध्या तेलाला खऱ्या तेलाचा रंग आणि वास द्यायला तिनं तीन आठवडे घालवले. प्रयोगशाळेतल्या बारा जणांना दोन्ही कुप्या ओळखायला दिल्या. बाराही जणांनी नुसते अंदाज मारले. तिला मनापासून आनंद झाला. वडिलांच्या तेलाशी आपण पहिल्यांदाच काहीतरी नीट केलं, असं तिला वाटलं.

एक अडचण राहिली. प्रत्येकाच्या टाळूवर गोंदणाचं एक बारीक टिंब केलं होतं. त्याभोवती एक सेंटिमीटरच्या वर्तुळातले केस सारखे कापायचे आणि मग मोठा करून फोटो घ्यायचा. प्रयोगशाळेत कुणालाच ते जमेना. कुणाची कात्री तिरकी जाई, कुणी टिंबच खरवडे. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “तुझे वडील रोज हेच करतात की.” प्रयोगातली माणसंही बहुतेक त्यांचीच गिऱ्हाइकं होती. तेव्हा ठरलं, की कापणं सलूनमध्ये, फोटो सलूनमध्ये आणि दर महिन्याच्या बाटल्यांचं वाटपही सलूनमधूनच. मालकाला गट माहीत नाहीत, मग काय बिघडतं?

“आता तुम्हीही शास्त्रज्ञ झालात,” लेक बापाला म्हणाली.

“पगार नसलेला,” तो म्हणाला. पण पांढरा कोट त्यानं मागून घेतला आणि शेवटपर्यंत इस्त्री करून घातला.

सहा महिने लेकीनं केस मोजले. सुरुवातीला, दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी. प्रत्येक फोटो दोनदा, वेगवेगळ्या दिवशी. झोपताना डोळे मिटले तरी तिला काळ्या रेघा दिसायच्या. दोघं मध्येच सोडून गेले. दोन्ही गटांत वीस-वीस उरले.

पाकीट उघडलं ते सोमवारी, मॅडमच्या खोलीत. आकडे गटांत पडायला दहा मिनिटं लागली. सात पाल्यांच्या गटात दर माणशी सरासरी बारा केस वाढले होते. साध्या तेलाच्या गटात अकरा.

“फरक नाही,” मॅडम म्हणाल्या. वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या, पण फाइल मिटली.

“मॅडम, दोन्हीकडे वाढले आहेत.”

“ऋतू बदलला, काळजी घेतली, रोज चोळलं. म्हणून तर साधा गट ठेवतात. हे मी तुला सांगायचं?”

ते तिला सांगायची गरज नव्हती. ती जागेवर येऊन बसली आणि निव्वळ सवयीनं मधल्या महिन्यांचे आकडेही गटांत घातले. दोन महिन्यांना खऱ्या तेलाच्या गटात सात केस वाढलेले, साध्या गटात एक कमी झालेला. चार महिन्यांना दहा आणि सहा. सहा महिन्यांना बारा आणि अकरा. साध्या तेलाची रेघ दोन महिने जमिनीवर पडून होती आणि मग कुणीतरी हाक मारल्यासारखी उठली होती. वीसच्या वीस माणसं, एकाच वेळी.

ऋतू असता तर दोन्ही रेघा एकाच वेळी उठल्या असत्या. ती संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिली. मग पर्स उचलून सलूनमध्ये गेली.

दुपारची वेळ होती. दुकानात कुणी नव्हतं. बाप कंगवे धुवत होता.

“बाबा, दोन महिन्यांनी केस कापलेत, तेव्हा काय झालं?”

“काय व्हायचंय? कापले.”

“आणि त्यानंतर बाटल्यांना हात कुणी लावला?”

त्यानं नळ बंद केला. कंगवे एकेक करून फडक्यावर मांडले, मोठ्यापासून लहानापर्यंत. “मी लावला.”

ती बाकावर बसली.

“टपालवाल्यांच्या डोक्याला हात लावला आणि कळलं,” तो म्हणाला. “त्यांना माझं तेल नव्हतं. मग मास्तरांना नव्हतं. मग बसचा ड्रायव्हर. ही माणसं वीस-वीस वर्षं माझ्या खुर्चीत बसतात, बाळ. मी सांगितलं म्हणून तुमच्या प्रयोगात आली. रोज संध्याकाळी आरशासमोर उभं राहून लावत होती बिचारी, आणि बाटलीत काहीच नव्हतं. टपालवाले मला विचारतात, ‘मालक, येतायत का हो?’ मी काय सांगू?”

“म्हणून?”

“म्हणून दर महिन्याला बाटल्या आल्या की एकेक थेंब बोटावर घ्यायचो. साधं निघालं की ओतून माझं भरायचो. आकडा तोच ठेवला. तुझ्या आकड्यांना मी हात लावलेला नाही.” हे शेवटचं तो अगदी स्वच्छ मनानं म्हणाला.

“ओळखता येणं शक्यच नाही. रंग तोच, वास तोच.”

“रंग-वासाचं मला काय? पुसल्यावर माझं तेल बोट कोरडं करतं. दुसरं बुळबुळीत राहतं, कितीही पुसा.”

तिला राग आला होता, पण त्याहून आधी तिच्यातली दुसरीच कुणीतरी उठली. तिनं पर्समधून नमुन्याच्या दोन कुप्या काढल्या, बापाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि नाणं उडवून, जे पडेल त्याप्रमाणे, मागे पसरलेल्या त्याच्या हातावर एकेक थेंब टाकला. तो बोटं चोळायचा, पुसायचा आणि सांगायचा. माझं. साधं. साधं. माझं. वीस थेंब झाले. तिनं कागदावर बरोबरच्या खुणा मोजल्या. वीसपैकी वीस.

सहा महिन्यांतला सगळ्यात स्पष्ट निकाल हाच होता. तिनं डोळ्यांचा बंदोबस्त केला होता, नाकाचा केला होता. तीस वर्षं डोकी हाताळलेल्या माणसाला बोटंही असतात, हे ना तिच्या लक्षात आलं, ना मॅडमच्या.

“मग चालतं ना माझं तेल?” तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. “वाढले ना केस?”

“सगळ्यांचे वाढले.”

“मग झालं तर.”

“काही झालं नाही, बाबा. सगळ्यांचे वाढले म्हणजे तेलानं वाढले असं म्हणता येत नाही. ज्यांना तेल नाही त्यांचे वाढायला नको होते. दोन महिन्यांपर्यंत वाढतही नव्हते.” तिचा आवाज चढला. “दोन महिन्यांपर्यंत तुम्ही जिंकत होतात.”

तो वळला. हे त्याला पटकन कळलं, आणि कळताना तिला दिसलं. त्याचा हात डोक्यावर गेला, रिकाम्या माथ्यावरून मागे फिरला आणि मानेवर थांबला.

“तेवढे दोन महिने लिहिता नाही येणार?”

“निकाल सहाव्या महिन्याला काढायचा, असं आधीच लिहून ठेवलं होतं. आता मधलाच आवडता आकडा उचलला, तर तो डॉक्टर आधी हसेल आणि बरोबर हसेल.”

“मग परत करू. या वेळी मी कापणार नाही.”

“परत परवानगी कोण देणार? मॅडमनी फाइल मिटली.” तिनं कुप्यांची बुचं घट्ट लावली. “आता दोनच गोष्टी लिहिता येतात. एक, तेलानं फरक पडला नाही. दुसरी, सलूनच्या मालकानं बाटल्या बदलल्या म्हणून प्रयोग बाद झाला. दुसरी खरी आहे. मी दुसरी लिहिणार.”

तो खुर्चीत बसला, गिऱ्हाइकाच्या. तिनं त्याला त्या खुर्चीत कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

“लोक डोळे मिटून मान मागे टाकतात इथं,” तो म्हणाला. “माझ्या हातात वस्तरा असतो. यानं बाटल्या बदलल्या, असं छापून आलं, तर उद्यापासून मान कोण देईल?”

“तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही.”

“हेतू कोण छापतं?”

बाहेरून कुणीतरी डोकावलं, दाढी होईल का विचारलं. तो उठला, कोट सारखा केला आणि म्हणाला, “या ना, बसा.” मग लेकीकडे न बघता हळूच म्हणाला, “पहिलीच लिही.”

आकडे खोटं बोलत नाहीत, असं ती शाळेपासून बापाला ऐकवत आली होती. तिनं चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी लिहिलं: ‘दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.’ आकड्यांपुरतं हे वाक्य खरं होतं. मॅडमनी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली. मधल्या महिन्यांचा तक्ता तिनं परिशिष्टातही घातला नाही. तो घातला असता तर कुणीतरी विचारलं असतं, आणि कुणी विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.

नियमाप्रमाणे प्रत्येक सहभागी माणसाला पत्र गेलं. आपण कोणत्या गटात होता, हे कळण्याचा त्याला हक्क असतो. चाळीस पत्रं तिनंच पाकिटात घातली.

पुढच्या शनिवारी ती सलूनमध्ये बापाचा डबा घेऊन आली, तेव्हा टपालवाले खुर्चीत होते आणि हातातलं पत्र नाचवत होते.

“मीच आणलं, मलाच दिलं,” ते म्हणाले. “ऐका. ‘आपणांस साधे तेल देण्यात आले होते.’ साधं! आणि हे बघा.” त्यांनी सगळ्या दुकानापुढे मान खाली घातली. टिंबाभोवती खरंच बरे केस होते. “बायको म्हणते, लग्नातल्यासारखे दिसता. मालक, तुम्ही उगाच जन्मभर पाला उकळत बसलात.”

बाकावरचे मास्तर म्हणाले, “मलाही साधंच होतं. माझेही आले.”

“आणि डॉक्टर म्हणत होते ते खरंच की,” टपालवाले म्हणाले. “रागावू नका हां, मालक. विज्ञान आहे हे. मुलीनंच तुमच्या मोजलंय.”

दुकान हसलं. बाप लेकीकडे पाहत होता. एका वाक्याचं काम होतं आणि ते दोघांपैकी कुणीही बोलू शकलं असतं. लेकीनं डबा फळीवर ठेवला. झाकण नीट बसलेलंच होतं, तरी पुन्हा दाबलं.

“असेल,” बाप म्हणाला आणि टपालवाल्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं. “बेताचे कापू ना?”

“कापा. आणि नंतर मालिश. पण साधंच लावा हां.”

फळीवर दोन बाटल्या होत्या. त्याचा हात सवयीनं डावीकडे गेला, हवेत थांबला आणि उजवीकडची बाटली घेऊन आला. त्यानं तळहातावर तेल ओतलं, मोठ्या मायेनं टाळूवर चोळलं, टिंबाभोवती जरा जास्त. टपालवाल्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. हे केस आता टिकतील की पुन्हा गळतील, हे मोजायला कुणी येणार नव्हतं.

मालिश झाल्यावर बापानं टॉवेलला बोटं पुसली. पुन्हा पुसली. मग बेसिनशी जाऊन साबण लावला, नळाखाली हात धरला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.