वाकेला हळदकुंकू

सौमित्र जेवायला आला की ती गोष्ट निघणार हे मोरेश्वररावांना ठाऊक होतं. म्हणून पानं घ्यायच्या आधीच ते पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. पुस्तक उघडलेलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं. बाहेर फ्रिस्कोचं जूनमधलं ऊन लाकडी कुंपणावर सपाट पडलं होतं. टेबलाशी बसल्यावरही त्यांनी पुस्तक मांडीवरच ठेवलं.

"काकू, ते पेरूचं सांगा ना," सौमित्र म्हणालाच. तो नागपूरचा, त्यांच्या मुलाच्या, यतीनच्या ऑफिसातला. शेजारी बसलेली नैना त्याची बायको, नुकतीच भारतातून आलेली. "नैनाने नाही ऐकलं अजून. मी सांगितलं तर मजा नाही येत."

"अरे, किती वेळा तेच तेच?" सुवर्णाबाई म्हणाल्या, आणि हातातला झारा ओट्यावर ठेवून सांगायला बसल्यासुद्धा.

त्या सांगायच्या छान. यतीनने सुट्टीत सगळ्यांना पेरू देश दाखवायला नेलं, इथून सुरुवात. कुस्कोला विमानातून उतरल्या उतरल्या डोकं कसं गरगरलं, हॉटेलात स्वागताला कसला तरी पाला घातलेलं गरम पाणी कसं दिलं. मग दरीतल्या गावात गेलो, तर गल्लीगल्लीतून दगडी पाटाचं पाणी खळाळतंय, बायका दोन-दोन वेण्या घालून वर टोप्या चढवतायत. एका घरात गेलो, तर चुलीपाशी गुबगुबीत गिनीपिग इकडून तिकडे पळतायत. "मी म्हटलं, किती गोड, लळा लागत असेल नाही? तर आमची गाईड म्हणते, हो, सणाला खायला ठेवलेत."

"आजी, प्लीज, वी आर ईटिंग," त्यांची नात इशिता म्हणाली.

"तू वरण खातेस, गप खा. तर काय, एका गावाच्या वर, शेताच्या कडेला एक मोठा दगड. कोरलेला, कोनाडे केलेले, शेजारी झुळझुळ पाणी. हे म्हणाले, हा त्यांचा देव. मी म्हटलं, देव आहे आणि कपाळ कोरडं? पर्समध्ये कुयरी असतेच माझ्या. दिलं लावून हळदकुंकू. आणि तेवढ्यात तो पहारेकरी आला की शिट्टी वाजवत! असा ओरडला, असा ओरडला, जसं काही मी त्याच्याच टकलाला कुंकू फासलंय."

"थोडक्यात काय, आमच्या आईने पेरूत म्हसोबा स्थापन केला," यतीनने नेहमीचा शेवट जोडला. सौमित्रने टाळीला हात पुढे केला.

नेहमी इथे मोरेश्वरराव ओठ थोडे हलवत, म्हणजे हसल्यासारखं दिसे. आजही त्यांनी हलवले.

खरं काय झालं होतं, ते त्या घरात फक्त त्यांना माहीत होतं, आणि अर्धंमुर्धं यतीनला.

मोरेश्वरराव सोलापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. सारा जन्म पुस्तकांत गेला, पण चारचौघांत त्यातलं काही बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. आपण म्हणतो ते बरोबर असेल का, आणि असलं तरी कोणाला ऐकायचं असेल का, या दोन प्रश्नांत समोरचा माणूस उठून जाई. इंका लोकांवर त्यांनी हाताला लागेल ते वाचलं होतं. घरात कोणी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नव्हतं.

त्या दिवशी दगडापर्यंत चढताना त्यांना धाप लागली. यतीन, सून अबोली आणि इशिता पुढे वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांकडे गेले होते. गाईड साबीना म्हणाली, "प्रोफेसर, तुम्ही बसा. मी गाडीतून ऑक्सिजनचा डबा आणते," आणि ती पळत खाली गेली. प्रोफेसर हे नाव तिनेच त्यांना दिलं होतं. आपण प्रोफेसर नव्हतो हे सांगायचं ते रोज उद्यावर ढकलत होते.

दगडापाशी दोघंच उरले. श्वास जरा जागेवर आला, तसे ते बोलू लागले. अशा जागेला इथले लोक वाका म्हणतात. दगड असेल, झरा असेल, डोंगराचं टोक असेल. लोक तिला मक्याची दारू पाजतात, पानं वाहतात, नवस बोलतात. "आपल्याकडे वेशीवर म्हसोबा असतो ना, तसंच गं."

सुवर्णाबाई ऐकत होत्या. वाऱ्यामुळे त्यांनी शाल डोक्यावरून घेतली होती आणि मान थोडी कलती करून त्या खरोखर ऐकत होत्या. आपलं वाचलेलं काही हिने असं ऐकलं होतं कधी? मोरेश्वररावांना आठवेना.

"मग हळदकुंकू लावलं तर चालेल?" त्यांनी विचारलं.

पाटी तिथेच होती. सुवर्णाबाईंच्या पाठीमागे, लाकडी खांबावर. वर स्पॅनिश, खाली इंग्रजी: हात लावू नये. चढून आल्याबरोबर, धाप लागलेली असतानाच मोरेश्वररावांनी ती वाचली होती. ते सगळं वाचत. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरातली घडी, बसच्या तिकिटाची मागची बाजू, सगळं. "नको, पाटी आहे," म्हटलं असतं तर सुवर्णाबाई वळल्या असत्या, पाटीकडे बघितलं असतं, आणि ते ऐकणं तिथेच संपलं असतं.

"चालेल की," ते म्हणाले.

मग शिट्टी, मग पहारेकरी. त्याच्या बोलण्यातले दोनच शब्द मोरेश्वररावांना कळले, सेन्योरा, म्हणजे बाई, आणि पोलिसिया. सुवर्णाबाई गोंधळून पदराने दगड पुसायला लागल्या, तर पिवळं आणखीच पसरलं. तेवढ्यात डबा घेऊन साबीना धापा टाकत वर आली. तिने दगडाकडे पाहिलं, सुवर्णाबाईंच्या बोटांकडे पाहिलं आणि मग मोरेश्वररावांकडे. मोरेश्वररावांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

साबीना पहारेकऱ्याशी काहीतरी बोलली, आपल्या छातीवर तळवा ठेवून. मी, मी सांगितलं यांना. त्याचा आवाज खाली आला. मग त्याने तिच्या गळ्यातलं गाईडचं कार्ड काढून घेतलं. तिने मान वाकवून ते काढू दिलं.

"छोटीशी अडचण, प्रोफेसर," ती म्हणाली. "श्वास घ्या." आणि तिने डबा त्यांच्या तोंडाशी धरला.

वर गेलेली मंडळी खाली आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून ती गोष्ट गमतीची झाली.

परत आल्यावर साबीना त्यांना फोनवर तिच्या भाषेतले शब्द पाठवी, कारण त्यांनी ते विचारले होते. इंती म्हणजे सूर्य. पारा म्हणजे पाऊस. ते प्रत्येक शब्दाला जपून उत्तर देत. मग एक दिवस शब्दाऐवजी निरोप आला. कार्यालयात माझी चौकशी आहे, मी परवानगी दिली असं बोलले म्हणून कार्ड परत मिळत नाही. मी त्या वेळी तुमच्यासाठी ऑक्सिजन आणायला गेले होते, एवढं सांगणारा एक छोटा व्हिडिओ पाठवाल का? आणि शेवटी: त्रास होणार असेल तर राहू द्या, प्रोफेसर.

त्यांनी तो निरोप यतीनला दाखवला. यतीन गाडी धुवत होता. ओले हात पँटला पुसून त्याने वाचलं.

"बाबा, याला रिप्लाय करू नका."

"पण ती बिचारी..."

"मला कळतंय हो. मलाही वाईट वाटतंय. पण ग्रीन कार्डची फाइल चाललीये आमची. तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगणार की आमच्या फॅमिलीने पुरातन दगड खराब केला? तो व्हिडिओ कुठे फिरेल कोणाला माहीत? आणि आईला काही बोलू नका. ती उगाच मनाला लावून घेईल."

मोरेश्वररावांना सुटल्यासारखं वाटलं. मुलाने नको म्हटलं, म्हणजे आता ते आपल्या हातात नव्हतं. पण सुटल्यासारखं वाटलं याचीच त्यांना सगळ्यात जास्त शरम वाटली. त्यानंतर रोज सकाळी सोसायटीच्या तळ्याला फेरी मारताना ते मनात उत्तर रचत. पहिलं वाक्य चांगलं जमे. घराच्या दारापाशी येईपर्यंत तेही खोटं वाटायला लागे.

"आणि ती गाईड?" नैनाने विचारलं. "तिला नाही काही बोलला तो?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

"ती काय, ती हसत होती," यतीन म्हणाला, वडलांकडे न बघता. "कढी कोणाला?"

"ती हसत नव्हती," मोरेश्वरराव म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की सौमित्रने विचारलं, "काय म्हणालात काका?"

अजूनही "काही नाही, कढी द्या" म्हणता आलं असतं. त्यांनी पुस्तक मिटलं. मिटलेल्या पुस्तकाकडे बघतच ते बोलले, तुटक तुटक, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. तिने आपल्या अंगावर घेतलं. तिचं कार्ड गेलं. ती माझ्यासाठी खाली गेली होती. तिने मला निरोप पाठवला, व्हिडिओ मागितला, मी उत्तर दिलं नाही. "आणि तिथे पाटी होती. हात लावू नये म्हणून. मी वाचली होती."

"बाबा," यतीन म्हणाला.

"अरे काका, होतं यार असं, टेन्शन नका घेऊ," सौमित्र म्हणाला. नैनाने त्याला कोपराने ढोसलं.

सुवर्णाबाई उठल्या. कढीचं पातेलं आणून त्यांनी सगळ्यांना वाढलं. मोरेश्वररावांच्याही वाटीत घातली, फक्त त्यांना "पुरे?" असं विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर त्या सिंकपाशी उभ्या होत्या. नळ चालू होता, पण हातात भांडं नव्हतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला ती पाटी दिसलीसुद्धा नाही. तुम्हाला दिसली होती."

"हो."

"आणि परत आल्यापासून मी नक्कल करत सुटलेय. मंडळात केली, देवळात केली, त्या भाजीच्या दुकानातसुद्धा केली. तुम्ही बाजूला बसून हसत होता."

"हसत नव्हतो गं."

"ओठ हलवत होता. मला दिसतात तुमचे ओठ." त्यांनी नळ बंद केला. "तो दगड देव आहे म्हणालात, ते तरी खरं होतं ना?"

"खरं असावं. म्हणजे पुस्तकात तसं..."

"पुस्तकातलं राहू द्या. काढा तो फोन. काय पाठवायचं असतं ते पाठवू."

यतीन दारातच होता. "आई, एक मिनिट. मी आधी लॉयरला विचारतो."

"तुझं नाव कोण घेतंय त्यात? तू वर शेतात होतास. कुंकू मी लावलं, मी सांगते. चालेल असं यांनी म्हटलं, ते हे सांगतील."

"आई, तुला कळत नाहीये इथे काय..."

"मला कळत नव्हतं, तेव्हा तुम्ही सगळे गप्प होतात. आता कळलंय तर कळू दे."

काच सरकवून यतीन मागच्या अंगणात गेला आणि रणरणत्या उन्हात कुंपणापाशी पाठमोरा उभा राहिला. अबोलीने तिकडे एकदा पाहिलं, मग सासऱ्यांच्या हातातून फोन घेतला. "उजेडाकडे तोंड करा, बाबा. आई, तुम्ही थोड्या अलीकडे या."

मोरेश्वररावांनी सुरुवात केली. एका गैरसमजामुळे जो प्रकार घडला त्याबद्दल...

"गैरसमज कसला?" सुवर्णाबाईंनी मध्येच विचारलं. "कोणाचा?"

अबोलीने ते पुसलं आणि पुन्हा फोन धरला. या खेपेला त्यांनी साधं सांगितलं. साबीना तेव्हा तिथे नव्हती. ती माझ्यासाठी ऑक्सिजन आणायला गेली होती. पाटी होती, मी वाचली होती, तरी बायकोला चालेल म्हणालो. इंग्रजी अडखळत होतं, पण थांबलं नाही. मग सुवर्णाबाई मराठीतच बोलल्या, थेट फोनकडे बघून, जसं काही साबीना पाटावर समोर बसली आहे: "बाई, माझ्या हातून चूक झाली. तू माझ्यासाठी बोललीस, मला आज कळलं." मोरेश्वररावांनी त्याचं इंग्रजी केलं आणि अबोलीने व्हिडिओ पाठवून दिला.

संध्याकाळी सुवर्णाबाई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन पलंगावर बसल्या होत्या, तेव्हा फोन वाजला.

"तिचा?"

"हो."

"काय म्हणते?"

मोरेश्वररावांनी आधी मनात वाचलं. शेवटचा सुवर्णाबाईंसाठीचा निरोप तेवढा सांगण्यासारखा होता, आणि क्षणभर त्यांना वाटलं, तेवढाच सांगावा. मग चष्मा पुसून ते पहिल्यापासून मोठ्याने, मराठी करत वाचू लागले.

"आभारी आहे, प्रोफेसर. चौकशी गेल्या आठवड्यात झाली. या हंगामात कार्ड मिळणार नाही. मी आईकडे चिंचेरोला आले आहे, तिच्याबरोबर विणायला बसते. व्हिडिओ मी कार्यालयात देईन, पुढच्या वर्षी कदाचित उपयोगी पडेल. सेन्योराला सांगा, वाईट वाटून घेऊ नका. पिवळं उन्हाने उडून गेलं. लाल अजून आहे."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"गेल्या आठवड्यात म्हणजे, मी मंडळात ते सांगत होते तेव्हा?"

"त्याच सुमाराला."

ढिगातून सुवर्णाबाईंनी मोरेश्वररावांचा सदरा काढला, बाह्या सरळ केल्या, आणि घडी न घालताच त्यांच्या मांडीवर ठेवला. मोरेश्वररावांनी फोन बाजूला ठेवला आणि ते घडी घालू लागले. ती काही नीट बसेना.