उस्तादांचं स्टूल

मालकांचं ते पत्र वर्षभर शब्दकोशात पडून होतं. उत्तर द्यायचं मनात होतं; पण साधी चिठ्ठी लिहायची तरी मी चारदा खोडतो. 'धाकट्याला परत बोलवा. त्याच्यासारखा बाइंडर मिळत नाही. जुनं विसरू,' एवढंच होतं त्यात.

विसरायचं कुणी, ते लिहिलं नव्हतं.

निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या छापखान्यात प्रुफं तपासायचो. धाकटा भाऊ खालच्या मजल्यावर पुस्तकं शिवायचा. मालकांनी परमुलखातून माणसं आणली. अर्धा पगार, राहायला कागदाचं गोदाम. धाकट्यानं त्यांना शिवण, सरस, पुठ्ठा, सगळं हात धरून शिकवलं. त्यांचा हात बसला तसे मालक खाली आले.

"आता तूही ह्यांच्याच पगारात बस."

"मालक, ह्यांना मीच शिकवलं."

"म्हणूनच म्हणतो. जमत असेल तर राहा, नाहीतर बाहेर रांग लागलीय."

धाकटा परदेशी गेला. तिथे तोच अर्ध्या पगाराचा परका झाला. तिथले बाइंडर त्याला पाण्यात बघायचे. "दादा, आता मीच ती बाहेरची रांग," फोनवर तो हसत म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मालकांना एक गोष्ट कळलीच नाही. छापखान्यातली ती माणसं शिकवणाऱ्याच्या जागेवर बसत नसत. धाकट्याचं स्टूल रोज पुसायची आणि रिकामं ठेवायची. नवा कुणी आला की आधी सांगायची, "हे उस्तादांचं." मालक थट्टा करायचे, "देव्हारा मांडलाय का रे?"

यंदा धाकट्यानं तिथे स्वतःचा कारखाना काढला. "आपली माणसं येतील का, दादा? पगार तिथल्या माणसाइतकाच, पुरा." मी गोदामात गेलो. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला सगळे काका म्हणत.

"काका, धाकट्यानं बोलावलंय."

"उस्तादांनी?" काकांनी सुई खाली ठेवली. "मग विचारता काय, मास्तर? कधी निघायचं ते सांगा."

"मालक अडवतील."

"अडवू देत की! त्यांच्या दारात रांग आहे ना!"

गोदाम हसण्यानं दणाणलं.

शाळेच्या पुस्तकांचा हंगाम तोंडावर आला की निघा, हे मीच सुचवलं. हो, मीच. छापलेल्या पानांच्या घड्यांचे ढीग छताला टेकले आणि शिवायला एक हात उरला नाही. जाताना त्यांनी स्टूलही नेलं.

मग उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा तीन पानांचा झाला, त्यात दोनदा 'क्षमस्व' आलं. फाडला. शेवटी एवढंच उरलं:

'मालक, धाकटा येणार नाही. तुमची माणसं त्याच्याकडे सुखरूप पोचली. तुम्हाला काम हवं असेल तर तुम्हीही जा, तो शिकवेल. पगार अर्धा, राहायला गोदाम. जमत असेल तर बघा, नाहीतर बाहेर रांग लागलीय.'

टपालपेटीपाशी थांबलो. मालक माझ्याच वयाचे, थकलेले. फार लागेल का त्यांना? मग धाकट्याचं फोनवरचं ते हसणं आठवलं.

पाकीट सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच घरी वळलो.