चौथं कडवं

धाकटीचे पप्पा पाण्याच्या टाक्या साफ करून त्यांना आतून रंग देत, आणि ते आत असेपर्यंत वर दोर धरून बसायचं काम धाकटीचं. मोठीने लग्न करून या धंद्यातून अंग काढून घेतलं, तेव्हापासूनचं. गेल्याच महिन्यात ओळखीतले दोघे भाऊ एका टाकीत गुदमरून गेले. आधी एक बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला. ते ऐकल्यापासून धाकटी दोराची गाठ दोनदोनदा तपासायची.

टाकीचं तोंड जेमतेम माणूस मावेल एवढं, आतलं काही दिसत नाही. म्हणून दोघांची रीत अशी, की पप्पांनी काम करताना गात राहायचं. आवाज येतोय म्हणजे श्वास चालू आहे. पप्पांना गाणी पुष्कळ येत, पण टाकीत ते एकच गात, चर्चमधलं त्यांचं लाडकं. देव दिलेला शब्द मोडत नाही, असं सांगणारं. गोची एवढीच, की चर्चमध्ये तिसऱ्या कडव्यानंतर ऑर्गन एकटाच वाजतो आणि सगळे थांबतात. सारा जन्म तिथे गाण्यात घालवलेले पप्पा टाकीतही त्या जागी इमानेइतबारे गप्प राहत.

"तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागतो," ती पुन्हा एकदा म्हणाली.

"मग काय, ऑर्गनच्या मध्येच तोंड घालू?" पप्पा दोर बांधलेला कमरेचा पट्टा आवळत म्हणाले. "विश्वास ठेव जरा."

"देवावर आहे. तुमच्यावर नाही."

ते हसले आणि शिडीवरून खाली गेले.

टाकी एका इमारतीच्या तळघरात होती. ब्लोअर घरघरत आत हवा ढकलत होता, तरी रंगाचा उग्र वास वर येत होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात पप्पांनी एकच ओळ दोनदा म्हटली. ते कधी चुकत नसत. मग गप्प झाले.

धाकटी मनातल्या मनात ऑर्गन वाजवू लागली. तो संपला. खालून काही नाही. उगाच घाई नको म्हणून तिने तो पुन्हा पहिल्यापासून वाजवला. दुसऱ्या कुणाच्या मुलीने एव्हाना तळघर डोक्यावर घेतलं असतं, पण हिला त्या शांततेची सवय लागली होती.

"पप्पा?"

तिने दोर ओढला. तो ताठ झाला आणि तिथेच थांबला. तिच्या हाकेला इमारतीचा रखवालदार आला, टाकीत डोकावला आणि माणसं आणायला बाहेर पळाला.

शिडी समोरच होती. उतरावं, काखेत हात घालावा, वर ढकलावं, किती सोपं. त्या दुसऱ्या भावालाही सोपंच वाटलं असणार. धाकटीचा एक पाय शिडीवर गेलाही. भीतीने तिच्या कानात नुसता घू घू आवाज भरला होता.

तेव्हा तिने चौथं कडवं सुरू केलं. भक्ती वगैरे काही नाही. पाय थांबवायला दुसरं सुचलंच नाही. माझी पकड सुटली तरी तुझी सुटत नाही, असं काहीसं त्यात होतं. लहानपणापासून तोंडपाठ, त्यामुळे तिने ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं आणि तिला त्याचा राग आला. एवढी पकड आहे तर दाखव, असं ती गाता गाता देवाला मनात म्हणाली. मग तिने पाय मागे घेतला, दोर कमरेला गुंडाळला आणि टाकीच्या कठड्याला टाचा रोवून बसली. सूर पार भरकटला होता. कडवं संपलं की पुन्हा तेच. आपला यावर विश्वास आहे का, हे तिला त्या घटकेला धड सांगता आलं नसतं. पण ती उतरली नाही, आणि दोर सैल पडू दिला नाही.

रखवालदार शेजारच्या गॅरेजातले दोन मेकॅनिक घेऊन आला. चौघांनी मिळून दोर ओढून पप्पांना वर काढलं. ब्लोअरचा पाइप आत निखळला होता, हे मागाहून कळलं. पप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. एका मेकॅनिकने त्यांची छाती दाबायला घेतली, आणि बऱ्याच वेळाने त्यांना खोकला आला.

डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "तू उतरली नाहीस ना?"

"नाही."

"नक्की?"

"वरच होते, पप्पा."

मग ते रडू लागले. गाणाऱ्या माणसाचा आवाज रडताना इतका बारीक होतो हे तिला माहीत नव्हतं. त्यांचे डोळे पुसायला ती वाकली, पण दोरावर आवळलेली तिची बोटं उघडेनात. शेवटी मेकॅनिकने ती एकेक करून सोडवली.